किमान शिक्षा आणि न्यायाधीशाचा विवेक

जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर त्याला फाशीच द्यावी, असे भारतीय दंड संहितेचे कलम 303 सांगत असे. मिठू खटल्यात 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. अमली पदार्थांच्या कायद्यातही अशीच सक्तीची फाशी होती; 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती ऐच्छिक केली आणि 2014 मध्ये संसदेने कायदा त्याप्रमाणे बदलला. गुन्हा सारखा असला तरी माणसे आणि परिस्थिती सारखी नसते, हे तत्त्व फाशीपुरते असे पक्के झाले. तुरुंगवासाच्या वर्षांना मात्र ते लागू झाले नाही, आणि गेल्या चार दशकांतली मोठी उणीव मला तीच वाटते.

अमली पदार्थांचाच कायदा पाहा. सरसकट 10 वर्षांची कठोरता कमी व्हावी म्हणून 2001 मध्ये प्रमाणानुसार शिक्षा आल्या. हेरॉइन 250 ग्रॅमच्या वर गेले की ‘व्यावसायिक प्रमाण’, म्हणजे किमान 10 वर्षे. पण वजन कशाचे धरायचे? शुद्ध द्रव्याचे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये म्हटले; 2009 च्या अधिसूचनेने संपूर्ण मिश्रणाचे धरले आणि 2020 मध्ये न्यायालयानेही ते मान्य केले. परिणामी 260 ग्रॅम भुकटीत जेमतेम 10 ग्रॅम हेरॉइन असले तरी 10 वर्षे चुकत नाहीत, आणि 240 ग्रॅम शुद्ध हेरॉइन बाळगणाऱ्याला किमान शिक्षाच नाही. समोरचा माणूस टोळीचा म्होरक्या आहे की पोटासाठी पुडी वाहणारा, हे न्यायाधीशाला दिसत असूनही त्याला 10 वर्षांखाली उतरता येत नाही. वर याच कायद्याचे कलम 32अ शिक्षेतली माफीही रोखते.

न्यायाधीशांना मोकळीक दिली की ते ढिलाई करतात, हा आक्षेप खोटा नाही. बलात्काराच्या खटल्यांत ‘पुरेशी व विशेष कारणे’ दाखवून किमान शिक्षेखाली उतरण्याची मुभा होती. तडजोड झाली, लग्न लावले, अशी कारणे निकालपत्रांत येत राहिली. तो संताप रास्त होता आणि 2013 मध्ये ती मुभा गेली. तरीही ती कारणे लेखी होती, म्हणूनच अपिलात त्यांच्यावर बोट ठेवता आले. सक्तीच्या शिक्षेत निवड नाहीशी होत नाही, ती पोलिसांच्या पंचनाम्याकडे आणि कलम लावणाऱ्याकडे सरकते. तिथे कोणी कारणे लिहून देत नाही.

सुटकेच्या टोकालाही तेच घडले. गंभीर गुन्ह्यांतील जन्मठेपेत प्रत्यक्ष 14 वर्षे काढल्याखेरीज सुटका नाही, हा 1978 चा नियम 1980 मध्ये मारू राम खटल्यात टिकला, 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही तो आहे. महाराष्ट्राने 2016 मध्ये संचित व अभिवचन रजेचे नियम कडक केले. रजेवर सुटलेले कैदी फरार होतात, ही भीती खरी आहे. पण 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की केवळ गुन्हा गंभीर आहे एवढ्यावरून पॅरोल नाकारू नये. कैद्याचे वर्तन आणि त्याच्यापासूनचा धोका तपासावा. ही तपासणी सर्व कैद्यांना मिळावी, कलम 32अ रद्द व्हावे, आणि पुडी वाहणाऱ्यासाठी लेखी कारणे देऊन 10 वर्षांखाली येण्याचा अधिकार विशेष न्यायालयांना मिळावा.