कोषाला बोलेरो, मोसंबीला पिकअप

जालना जिल्ह्यात ‘पिकअप’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच गाडी येते: बोलेरो पिकअप. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा, फाळक्यावर कुलदैवताचं नाहीतर पोराचं नाव. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात, जालन्याच्या मोसंबी मंडईत, मंठा चौफुलीवर, सगळीकडे ही गाडी दिसते. शेतमालाचा प्रश्न आला की घरात पहिला ठराव पिकअपचाच होतो. दुसरा आवाज बहुधा आजीचा किंवा सुनेचा असतो: मग दवाखान्यात जायला काय, हौद्यात बसायचं?

हा दुसरा आवाज हिशोबाला धरून आहे. ज्या घराला एकच चारचाकी परवडते, तिथे मजबूत एसयूव्ही हा पिकअपला खरा पर्याय ठरू शकतो. मात्र आधी आपण नेमकं काय वाहतो आणि वर्षातून किती दिवस वाहतो, हे पाहायला हवं.

रेशीम उत्पादकाचं उदाहरण घ्या. जालना बाजार समितीत २०१८मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी मराठवाड्यातला शेतकरी कोष घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जायचा. शंभर अंडीपुंजांमागे साधारण साठ ते सत्तर किलो कोष निघतात. दोनशे अंडीपुंजांची बॅच म्हणजे एकशे वीस ते एकशे चाळीस किलो माल, म्हणजे वजनाने दोन धडधाकट माणसं. दीड टन पेलणारी गाडी त्यासाठी पाळणं म्हणजे शेळी राखायला हत्ती ठेवण्यासारखं आहे. शिवाय कोष दाबून भरले की खराब होतात. आत किडा जिवंत असतो, त्याला हवा लागते, ऊन सोसत नाही. एसयूव्हीची मागची सीटं दुमडून जाळीदार पोती मोकळी ठेवली, काचा थोड्या खाली घेतल्या आणि पहाटेच निघालं की काम होतं. पाऊस आला तर ताडपत्रीची धावपळ नाही. गाडीत वास राहतो, तो घरच्यांना चालतो का हे ज्याचं त्याने पाहावं.

शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचे बीजोत्पादन प्लॉट घेणाऱ्यांचंही तेच. १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली, तेव्हापासून हा जिल्हा बियाण्यांचा म्हणून ओळखला जातो. भाजीपाल्याच्या बियाण्यात पैसा मोठा, पण वजन किरकोळ.

मोसंबीचं गणित उलटं आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एकरात शंभरच्या आसपास झाडं आणि झाडाला पन्नास किलो फळ धरलं, तरी एकराचा माल पाच टनांवर जातो. हे एसयूव्हीचं काम नाही. पण हे पिकअपचंही धड काम नाही. सव्वा ते पावणेदोन टन क्षमतेच्या पिकअपला तीन-चार खेपा लागतील. बाग जागेवर दिली तर व्यापारी स्वतःचा ट्रक आणतो. मंडईत न्यायची वेळ आली तर त्या चार दिवसांपुरती भाड्याची पिकअप परवडते. जालन्याच्या एमआयडीसीत बनणाऱ्या सळईबद्दल तर बोलायलाच नको. तिला टेम्पो किंवा ट्रकच लागतो.

म्हणजे इथला माल एक तर फार हलका, नाहीतर फार जड. अधलामधला माल रोज वाहणारे लोक आहेत, दूधवाले, भाजीवाले, मंडपवाले, त्यांनी पिकअपच घ्यावी. बाकीच्यांची पिकअप वर्षातला बराच काळ रिकामी पळते, आणि रिकामी पिकअप ही तापदायक वस्तू आहे. तिचे मागचे पाटे टनभर ओझ्याच्या हिशोबाने बसवलेले असतात. ओझं नसलं की ते वाकत नाहीत, गाडी उडते, मणके मोजून घेते. पावसाळ्यात काळ्या रानातल्या पांदण रस्त्यावर तर आणखी पंचाईत. ताकद मागच्या चाकांना, पण त्या चाकांवर वजनच नाही. चाकं जागेवर गरगरतात आणि गाडी रुतते. म्हणून ड्रायव्हर हौद्यात दोन-चार पोती माती टाकून ठेवतात. एसयूव्हीत छत, सीटं, काचा, दारं यांचं वजन मागच्या चाकांवर कायम असतं. चिखलात तीही अडकते, पण इतक्या लवकर नाही.

मजबूत एसयूव्ही ओळखायची तर वाकून खाली पाहावं. पुढून मागपर्यंत दोन जाड लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे दिसले, तर ती लॅडर फ्रेमची गाडी, म्हणजे ट्रकच्या जातीची. हल्लीच्या बहुतेक छोट्या एसयूव्ही मोनोकॉक असतात. त्यांत सांगाडा वेगळा नसतो, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. त्या डांबरी रस्त्यावर सुखाच्या. नांगरटीच्या कडेने रोज जाणाऱ्याने मात्र लॅडर फ्रेमच शोधावी. बोलेरो, बोलेरो निओ, स्कॉर्पिओ या त्या प्रकारातल्या.

बोलेरो २००० सालची. २०१६मध्ये लहान गाड्यांच्या कर सवलतीत बसावी म्हणून तिची लांबी चार मीटरच्या आत, ३,९९५ मिलिमीटरवर आणली आणि १,४९३ सीसीचं इंजिन बसवलं. आजच्या आवृत्तीत ताकद ७५ अश्वशक्तीच्या घरात, टॉर्क २१० न्यूटन मीटर. आकडे दिपवणारे नाहीत, पण हा टॉर्क इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळतो आणि शेतरस्त्याला तेच लागतं. तालुक्याच्या मिस्त्रीला ती डोळे मिटून उघडता येते, हा गुण माहितीपत्रकात छापत नाहीत. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी बदलला तेव्हा चार मीटरच्या आतल्या आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्या १८ टक्क्यांत आल्या. स्कॉर्पिओसारख्या मोठ्या गाड्यांना ४० टक्के लागतात.

बोलेरोच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. समृद्धी महामार्गाने जालन्याहून नागपूर किंवा मुंबई गाठायची तर कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. म्हणून तेवढा वेग या चौकोनी, उंच गाडीने धरावा असं नाही. ती ऐंशी-नव्वदला खुशीत असते. सुरक्षेतही मजबूत सांगाडा म्हणजे सुरक्षित गाडी हे समीकरण खोटं आहे. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०२४मध्ये बोलेरो निओला पाचपैकी एकच तारा मिळाला. लॅडर फ्रेमच्याच स्कॉर्पिओ-एनने २०२२मध्ये पाच मिळवले होते. महामार्गावर कुटुंबासह वरचेवर जाणाऱ्याने हा फरक पैशांत मोजू नये.

हौदाही हवा आणि पाच माणसांची केबिनही, अशा गाड्या आहेत: इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स. देखण्या आहेत, पण किंमत चढी आणि लांबी सव्वापाच मीटरहून जास्त. तेवढ्या पैशांत बोलेरो येते आणि वर एक छोटा ट्रॅक्टरही.

कागदांचा भाग कंटाळवाणा, पण पैशाचा. पिकअप मालवाहू म्हणून नोंदवली जाते, पाटी पिवळी. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस तपासणी. खासगी एसयूव्हीची नोंदणी एकदम पंधरा वर्षांची. पण पांढऱ्या पाटीच्या गाडीतून शेजाऱ्याचा माल भाडं घेऊन नेला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मागची सीटं दुमडणं वेगळं. ती कायमची उपटून गाडीचा टेम्पो करणं नोंदणीत बसत नाही. तसंच पिकअपच्या हौद्यात वऱ्हाड बसवणंही बेकायदा आहे, आणि जिवावरचं.

जुनी बोलेरो घेणाऱ्याने रंगाकडे नंतर पाहावं. आधी ती खड्ड्यावर किंवा रॅम्पवर चढवून फ्रेमवर वेल्डिंगचे ताजे डाग आहेत का, पाट्याचं पान तुटलंय का, चेसिस नंबर खरवडलाय का, हे बघावं. बीएस-६ डिझेल गाडीत धुराची जाळी, म्हणजे डीपीएफ असेल, तर मालकाला ती कुठे चालायची हे विचारावं. रोज गाव ते शेतातला आखाडा एवढ्याच फेऱ्या झाल्या असतील तर काजळी जळायला इंजिन पुरेसं तापत नाही आणि जाळी तुंबते. ती बदलायचा खर्च मोठा असतो, तो सौद्यातच वळता करून घ्यावा.