आपला कचरा कोणाच्या हातात जातो?

इंजेक्शन देऊन झाले की सुई कुठे टाकायची, हे परिचारिकेला विचारावे लागत नाही. सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी ही विभागणी रुग्णालयांना बंधनकारक केली. कारण साधे आहे. तो डबा पुढे एक माणूस उचलणार असतो.

तीच इन्सुलिनची सुई घरी वापरली की मात्र भाजीच्या सालींबरोबर कॅरीबॅगेत जाते. सकाळी घंटागाडीवर ती पिशवी हाताने फोडली जाते आणि सुई बोटात घुसते. हिपॅटायटिस बी आणि सी हे आजार अशा एका टोचण्यातूनही होऊ शकतात. घरची सुई आणि दवाखान्यातली सुई हा भेद विषाणूला कळत नाही.

पर्यावरण म्हटले की आपल्याला जंगल, नदी, वाघ आठवतात. आम्ही वस्त्यांमधून आरोग्याचे काम करतो. आम्हाला पर्यावरण आधी मोरीजवळच्या कचऱ्याच्या डब्यात दिसते. हा डबा पुढे ज्यांच्या हातात जातो ते सफाई कामगार आणि कचरा वेचणाऱ्या बाया बहुतेक दलित समाजातल्या आहेत. कोणाची आई, कोणाची मावशी. म्हणून कचरा वेगळा करणे हा आपल्यासाठी नुसता स्वच्छतेचा विषय नाही.

ओला कचरा : घरच्या कचऱ्यातला मोठा वाटा ओल्याचा असतो. तो मिसळून डम्पिंगवर गेला की ढिगाखाली हवेशिवाय कुजतो आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. हा वायू पेट घेतो, शिवाय कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो. मुंबईचे देवनार डम्पिंग १९२७ पासूनचे. जानेवारी २०१६मध्ये तिथे मोठी आग लागली आणि धूर दिवसेंदिवस पसरत राहिला. सर्वांत आधी तो शेजारच्या गोवंडी-शिवाजीनगरच्या वस्त्यांमधल्या लेकरांच्या छातीत गेला.

यावर घरचा उपाय म्हणजे खत. जुन्या बादलीला भोके पाडा. तळाला नारळाच्या शेंड्या घाला. वर साली, देठ, चहाचा चोथा आणि तेवढाच सुका पालापाचोळा. मूठभर जुने खत किंवा थोडे आंबट ताक टाका. दोन-तीन दिवसांनी हलवा. वास आला तर ओल जास्त झाली असे समजा आणि पाला वाढवा. दीड-दोन महिन्यांत खत तयार होते. दहा बाय दहाच्या खोलीत बादलीला जागा कुठली, हे खरे आहे. मग चार-पाच घरांनी मिळून गल्लीच्या टोकाला किंवा विहाराच्या अंगणात एक पिंप ठेवावे.

पॅड आणि डायपर : कागदात घट्ट गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने हीच मागणी लोकांपुढे ठेवली. ठिपका दिसला की आत काय आहे ते उघडून बघावे लागत नाही. पॅड संडासात टाकू नका. तुंबलेली गटारे साफ करायलाही माणूसच उतरवला जातो. सुती कापड वापरणाऱ्यांनी ते साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. लाजून अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालू नये.

सुया आणि औषधे : फिनेलची जाड रिकामी बाटली घ्या. वापरलेली सुई लगेच तिच्यात टाका. बाटली पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘सुया’ असे लिहा. इन्सुलिन जिथून मिळते त्या दवाखान्यात ती घेतात का ते विचारा, नाहीतर घंटागाडीवर सांगून वेगळी द्या. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मोरीत ओतू नका. पाण्यातल्या जंतूंना त्या औषधाची सवय होते आणि पुढे तेच औषध आजाऱ्यावर चालेनासे होते. डॉक्टरांनी लिहिल्या तेवढ्याच गोळ्या घ्या आणि डोस पुरा करा, म्हणजे उरणारच नाहीत.

जाळणे बंद : संध्याकाळी पाचोळ्याबरोबर प्लॅस्टिक पेटवायची सवय अनेक वस्त्यांत आहे. या धुरात विषारी द्रव्ये असतात. दमेकरी, गरोदर बाया आणि तान्ही मुले यांना तो सर्वांत जास्त बाधतो. उघड्यावर कचरा जाळायला कायद्यानेही मनाई आहे.

जयंती आणि पौर्णिमेचे भोजनदान : राज्यात २०१८पासून थर्माकोलच्या ताटांवर बंदी आहे. वर्गणी काढून विहारासाठी स्टीलची शंभर ताटे एकदाच घ्यावीत. ती वर्षानुवर्षे चालतात.

“आम्ही वेगळा करतो, पण गाडीवाले पुन्हा एकत्रच करतात,” असे भगिनी सांगतात. तक्रार खरी आहे. तरीही बाटलीत बंद केलेली सुई एकत्र झाली तरी बाटलीतच राहते. पहिला हात वाचतोच. गाडीबद्दल गल्लीने मिळून वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. त्याच अर्जात सफाई कामगारांसाठी हातमोजे, बूट, धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीच्या लसी मागाव्यात. राज्यघटनेच्या कलम ४७ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. घरचे काम आपण करायचे, म्हणून शासनाचे काम माफ होत नाही.

या आठवड्यात एवढेच करा. घरात दोन डबे, एक जाड बाटली आणि एक लाल पेन ठेवा. उद्या सकाळी डबा देताना तो घेणाऱ्या ताईच्या हातांकडे एकदा बघा. हातमोजे नसतील, तर अर्जाचा पहिला मुद्दा तोच लिहा.