जुन्या गाडीचा स्टिरिओ रोज सगळं विसरतो?

किल्ली काढली की घड्याळ आणि एफएम स्टेशनं पुसली जात असतील, तर लगेच स्टिरिओ बदलू नका. आधी मागच्या वायरी बघा. बाहेरून बसवलेल्या बहुतेक स्टिरिओंत पिवळ्या वायरीला बॅटरीतून कायम १२ व्होल्ट हवे असतात, मेमरी त्यावरच टिकते. लाल किल्लीबरोबर चालू होते, काळी अर्थची. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल हाच नेहमीचा दोष! गाडीच्या वायरिंगचे रंग मात्र वेगळे असू शकतात, म्हणून मल्टिमीटर लावा; किल्ली बंद असतानाही १२ व्होल्ट दाखवणारी वायर पिवळीला द्या. लाल-पिवळी एकत्र पिळून बॅटरीच्या थेट वायरीला जोडणं मला अजिबात पटत नाही, त्याने बॅटरी उतरू शकते. जोडणी करताना बॅटरीची निगेटिव्ह केबल आठवणीने काढून ठेवा.