कंप हातात, उगम पोटात?

दुकानाच्या वहीत वर्षानुवर्षे ठसठशीत उमटणारे अक्षर हळूहळू बारीक होऊ लागते. सदरा घालताना एक हात मागे राहतो. मग स्वस्थ बसले असता बोटे थरथरू लागतात आणि घरच्यांच्या ध्यानात येते, की हे केवळ वार्धक्य नव्हे. कंपवात, अर्थात पार्किन्सन्स, बहुधा अशा वळणावर ओळखला जातो. तोवर मेंदूतील डोपामाइन निर्माण करणाऱ्या पुष्कळ पेशी नष्ट झालेल्या असतात.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकाराचे वर्णन केले, त्यातच बद्धकोष्ठतेचीही नोंद आहे. अनेक रुग्णांत ही तक्रार कंपाच्या कित्येक वर्षे आधी सुरू झालेली आढळते. २००३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी रोगाचा उगम आतड्यात होत असावा, असे मत मांडले. आतड्याच्या भिंतीतही मज्जातंतूंचे दाट जाळे असते. तेथे अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाच्या विकृत गुठळ्या तयार होऊन व्हेगस मज्जातंतूच्या वाटेने मेंदूकडे सरकतात, असा हा सिद्धांत आहे. पूर्वी पोटातील व्रणासाठी हा मज्जातंतू कापला जाई. अशा रुग्णांना कंपवात कमी प्रमाणात होतो, असे संकेत डेन्मार्क व स्वीडनमधील पाहण्यांत मिळाले. तरीही प्रत्येक रुग्णात रोग याच वाटेने येतो, असे सिद्ध झालेले नाही. आणि बद्धकोष्ठता असलेल्या बहुतेकांना कंपवात होतही नाही.

म्हणून भय नको, तशीच उपेक्षाही नको. गल्ल्यावर तासन्‌तास बसून शौचाचा वेग दाबणे आणि रात्री चूर्ण घेऊन विषय संपविणे, ही सवय सोडावी. दीर्घकाळच्या बद्धकोष्ठतेसोबत गंध न कळणे, झोपेत हातपाय झाडणे किंवा हालचाली मंदावणे अशी लक्षणे दिसल्यास मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

घरात रुग्ण असल्यास आणखी एक गोष्ट जाणावी. लेव्होडोपा हे मुख्य औषध लहान आतड्यात शोषले जाते. डाळ, दूध, पनीर यांतील प्रथिने त्याच्या शोषणात अडथळा आणू शकतात. त्यामुळे ते पुष्कळदा जेवणापूर्वी अर्धा तास घेण्यास सांगतात. चौविहार पाळणाऱ्यांनी दिवसाउजेडी पुरेसे पाणी घ्यावे आणि औषधाच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वीही त्यांना विचारावे. हे औषध अचानक थांबविणे जिवावर बेतू शकते.