दुखावलेला गुडघा आणि बुडालेली मजुरी

भाताची झोडणी आटोपली, खळी रिकामी झाली, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावोगावी कबड्डीच्या स्पर्धांचे फलक झळकू लागतात. शाळेच्या पटांगणात किंवा कापणी झालेल्या शेतात माती टाकून, पाणी मारून आणि चोपून मैदान तयार होते, खांबांवर दिवे चढतात आणि पंचक्रोशीतील माणसे थंडीची पर्वा न करता मध्यरात्रीपर्यंत सामने पाहत बसतात. विजेत्यांची नावे दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर आणि आसनगावहून सुटणाऱ्या लोकलच्या डब्यात घेतली जातात. मात्र त्याच रात्री ज्या तरुणाला दोघांच्या खांद्यांचा आधार देऊन मैदानाबाहेर न्यावे लागले, त्याची चर्चा फार तर आठवडाभर चालते. पुढचे दुखणे हा त्याच्या घरचा प्रश्न समजला जातो. तो तसा समजला जावा काय, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

खेळ मोठा झाला, जोखीम तिथेच राहिली

कबड्डी हा आता केवळ गावच्या विरंगुळ्याचा खेळ राहिलेला नाही. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक जगापुढे मांडले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत त्याला पदकाचे स्थान मिळाले, आणि २०१४ साली व्यावसायिक लीग सुरू झाल्यापासून खेळाडूंचे लिलाव होऊ लागले. खेळाडूंसाठी राज्याच्या सेवेत ठेवलेल्या ५ टक्के आरक्षणामुळे राज्य व राष्ट्रीय स्पर्धांतील प्रमाणपत्राला नोकरीच्या बाजारात मोल आले. एकपिकी शेती, वीटभट्ट्या आणि कंत्राटी कारखानदारी यांवर जगणाऱ्या या दोन तालुक्यांतील तरुणाला मैदान हे वर चढण्याच्या मोजक्या शिड्यांपैकी एक वाटू लागले, यात नवल नाही.

परंतु अर्थशास्त्राचा एक साधा नियम येथे विसरला गेला आहे. ज्या उद्योगात उत्पन्न वाढते त्या उद्योगातील जोखमीची वाटणीही नव्याने व्हावी लागते. कबड्डीत बक्षिसांची रक्कम वाढली, चषकांची उंची वाढली, उद्‌घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांची संख्या वाढली. दुखापतीची जोखीम मात्र पूर्वी होती तिथेच, म्हणजे खेळाडूच्या एकट्याच्या अंगावर राहिली.

शरीराचे वेळापत्रक

कबड्डीतील दुखापत हा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे. चढाई करणारा खेळाडू निदान रेषेपलीकडे जाऊन एका पायावर गर्रकन वळतो. त्याच क्षणी कोपरारक्षक त्याचा घोटा पकडतो आणि बाकीचे त्याच्यावर झेपावतात. पाय जमिनीला जखडलेला आणि धड वळलेले, अशा स्थितीत सर्व पीळ गुडघ्यावर येतो. मातीवर अनवाणी वाढलेला खेळाडू मोठ्या स्पर्धेत बूट घालून मॅटवर उतरतो, तेव्हा बुटाची पकड हा पीळ वाढवते. गुडघ्याच्या आत मांडीचे आणि नडगीचे हाड बांधून ठेवणारा जो पुढचा अस्थिबंध असतो, ज्याला डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात, तो अशा वेळी तुटतो. खांदा निखळणे, घोटा मुरगळणे, बोट मोडणे हे प्रकारही नित्याचेच आहेत.

यातील प्रत्येक दुखापतीला भरून येण्याचा स्वतःचा काळ असतो. किरकोळ मुरगळलेला घोटा दोन आठवड्यांत चालता होतो, पण अस्थिबंध पूर्ण तुटला असेल तर तीन महिनेही लागतात. मोडलेल्या गळपट्टीच्या हाडाला सहा ते बारा आठवडे द्यावे लागतात. विशीच्या आतबाहेरच्या खेळाडूचा खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळण्याचा धोका फार मोठा असतो. तुटलेल्या एसीएलच्या जागी शस्त्रक्रियेने शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवतात, पण तो तिथे रुजून मजबूत होण्यास महिनोन्‌महिने जातात. विशेष म्हणजे पहिल्या दोन-तीन महिन्यांत, वेदना कमी झालेली असते आणि खेळाडूला आपण बरे झालो असे वाटत असते, नेमका तेव्हा हा नवा बंध सर्वांत दुबळा असतो. नॉर्वे आणि अमेरिका येथील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत मैदानावरील पुनरागमन जितके महिने लांबवावे, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते. नऊ महिने ही मुदत डॉक्टरांच्या अतिसावधपणातून आलेली नाही. ती शरीराने ठरवलेली आहे आणि तिच्यात घासाघीस चालत नाही.

आवणी थांबत नाही

अडचण अशी, की घराचेही एक वेळापत्रक असते आणि तेही घासाघीस करीत नाही. म्हसोबाची जत्रा पौषात भरते आणि स्पर्धांचा हंगामही त्याच सुमारास ऐन रंगात असतो. समजा, त्या दिवसांत एखाद्या खेळाडूचा गुडघा गेला. सूज उतरेपर्यंत वाट पाहणे, मग कल्याण किंवा ठाणे गाठून एम.आर.आय. काढणे, पैशांची जुळवाजुळव करणे यांत महिना-दीड महिना सहज जातो. माघ-फाल्गुनात शस्त्रक्रिया झाली, तर चौथा-पाचवा महिना येतो तो नेमका आषाढात, म्हणजे आवणीच्या दिवसांत. घोटाभर चिखलात वाकून, पाय रोवून आणि उपटून दिवसभर काम करणे हे अर्धवट बऱ्या झालेल्या गुडघ्याला सामन्याइतकेच घातक असते. पण घरचे शेत असेल तर तो बांधावर बसून राहू शकत नाही, आणि दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाणारा असेल तर वर्षातील हमखास कमाईचे दिवस सोडू शकत नाही.

या विश्रांतीची किंमत मोजून पाहावी. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. हा किमान दर धरला आणि महिन्याला २५ दिवस काम मिळते असे मानले, तर नऊ महिन्यांची बुडालेली मजुरी ७०,२०० रुपये होते. शस्त्रक्रियेचा खर्च एखाद्या सरकारी योजनेतून किंवा गावाने वर्गणी काढून भागवला, तरी ही रक्कम कुणीच भरून देत नाही. कारण ती कोणत्याही बिलावर छापलेली नसते. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एखादा तरुण कर्मचारी राज्य विमा योजनेखाली आला, तर त्याला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते, पण तीही वर्षाला ९१ दिवसांपुरती. शरीर मागते सुमारे २७० दिवस आणि विमा देतो ९१. शेतमजूर, वीटभट्टीवरील कामगार किंवा रिक्षाचालक यांना तर तेवढाही आधार नाही.

म्हणूनच डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती निम्म्यावर सोडणारा खेळाडू अडाणी किंवा उतावळा असतो, हा सुशिक्षितांचा समज तपासून घेतला पाहिजे. तो हाडवैद्याकडे जाऊन गुडघा चोळून घेतो, पट्टी बांधतो आणि तीन महिन्यांत पुन्हा उभा राहतो, याचे एक कारण माहितीचा अभाव हे असेलही. पण त्याहून मोठे कारण हे, की विश्रांती ही विकत घ्यावी लागणारी वस्तू आहे आणि त्याच्यापाशी तिची किंमत नाही. त्यात वयोगटाच्या स्पर्धांची मर्यादा असते. एक वर्ष चुकले की कुमार गटाचे दार बंद होते आणि प्रमाणपत्राची आशाही मावळते. अशा स्थितीत लवकर परतणे हा त्याच्या दृष्टीने हिशेबी निर्णय असतो. तो हिशेब चुकतो तो दुसऱ्यांदा गुडघा गेल्यावर.

एका वर्षाची विश्रांती

ही किंमत चुकती केली तर काय घडते, याचे उदाहरण याच खेळात आहे. पवन सेहरावत या चढाईपटूला २०२२ साली तमिळ थलैवाज संघाने २ कोटी २६ लाख रुपयांना घेतले. त्या ऑक्टोबरमध्ये हंगामातील आपल्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि उरलेला सारा हंगाम तो बाहेर राहिला. बरोबर एक वर्षाने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, हांगचौच्या आशियाई स्पर्धांत त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले, आणि पाठोपाठ झालेल्या लिलावात त्याची बोली २ कोटी ६० लाखांवर गेली. त्याच्या गुणवत्तेविषयी आणि जिद्दीविषयी प्रश्नच नाही. परंतु त्याच दर्जाची जिद्द असलेल्या खर्डीच्या किंवा टोकावड्याच्या एखाद्या मुलाला वर्षभर शांतपणे बरे होता येईल काय, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे.

इतर देशांत ही जबाबदारी क्लबांनी ओळखलेली आहे. ऑस्ट्रेलियातील फुटबॉल क्लबांच्या जखमी खेळाडूंची यादी दर आठवड्याला प्रसिद्ध होते. दुखापत कोणती आणि परतण्यास अंदाजे किती आठवडे लागतील, हे तीत नमूद असते. डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूस तेथील लीगने २०२१ सालापासून किमान १२ दिवस मैदानाबाहेर ठेवण्याचा नियम केला. श्रीमंत देशाचे सारे थाट येथे आणता येणार नाहीत, हे खरे. पण वही-पेन्सिल घेऊन यादी करणे आणि नियम पाळणे यांना श्रीमंती लागत नाही.

मंडळांनी काय करावे

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल, की गावची मंडळे वर्गणीवर चालतात, त्यांनी हा भार कसा सोसावा? त्याचे उत्तर आपल्याच राज्यात सापडते. २०२३ साली शासनाने दहीहंडीच्या ५० हजार गोविंदांचा विमा माणशी ७५ रुपये हप्त्याने उतरवला. एकूण खर्च आला साडेसदतीस लाख. एका सणापुरते जे शक्य झाले, ते चार महिन्यांच्या हंगामासाठी अशक्य मानण्याचे कारण नाही. हंगाम मोठा म्हणून हप्ता अधिक बसेल, पण तो चषकांच्या किमतीपुढे जड वाटू नये. शिवाय अपघात विम्याने भागणार नाही तेवढ्यासाठी प्रत्येक स्पर्धेच्या प्रवेश फीचा आणि बक्षिसाच्या रकमेचा ठरावीक हिस्सा, समजा दहा टक्के, तालुका पातळीवरील विश्रांती निधीत जमा करता येईल. त्यातून जखमी खेळाडूच्या घरी दरमहा बुडालेल्या मजुरीचा काही भाग पोचता करावा. दहा मंडळे एकत्र आली की दहांपैकी एकावर येणारे संकट सर्वांत वाटले जाते. विम्याचे तत्त्व याहून वेगळे नाही.

दुसरा आक्षेप असा, की पैसे मिळतात म्हटल्यावर लोक खोट्या दुखापती दाखवतील. ही भीती निराधार नाही, पण तिच्यावर उपाय आहे. दुखापतीची नोंद सामन्याच्या जागीच पंचांनी करावी, आणि शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांच्या दाखल्यावरच मदत मिळावी. त्याच दाखल्यावर परतण्याची तारीख असावी आणि त्या तारखेपूर्वी कोणत्याही मंडळाने त्या खेळाडूला उतरवू नये. नियमाचा हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. कारण उपांत्य सामन्याच्या रात्री, ‘एवढी एक चढाई मार’, असा आग्रह करणारे बहुधा मित्रच असतात आणि त्यांना नाही म्हणण्यासाठी खेळाडूच्या हाती नियमाचा आधार हवा असतो.

प्रतिबंधाचा मार्ग तर याहून स्वस्त आहे. नॉर्वेत फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर २००८ साली झालेल्या अभ्यासात सरावापूर्वीच्या वीसेक मिनिटांच्या विशिष्ट व्यायामाने दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. तोल सांभाळणे, उडी मारून गुडघा किंचित वाकवून आणि पावलाच्या रेषेत ठेवून उतरणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणे असे हे व्यायाम आहेत. शाळांतील क्रीडाशिक्षकांना ते शिकवले, तर प्रत्येक गावात ते पोचू शकतील.

येत्या हंगामात फलक लागतील तेव्हा पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बक्षिसाच्या रकमा नेहमीप्रमाणे ठळक अक्षरांत छापल्या जातील. त्याखाली आणखी एक ओळ छापता येईल: या स्पर्धेतील खेळाडूंचा विमा उतरवलेला आहे, आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा विश्रांती निधीस दिला जाईल. एखाद्या मंडळाने ही ओळ छापली, तर शेजारचे मंडळ मागे राहणार नाही, इतकी चुरस या दोन तालुक्यांत खचितच आहे. ती चुरस आजवर चषकांच्या उंचीत दिसली. यापुढे ती गुडघा दुखावलेल्या खेळाडूच्या घरी आषाढात किती रुपये पोचले, यावरून मोजली जावी.