पानांचे शुष्कतेशी अनुकूलन

पानांचे शुष्कतेशी अनुकूलन म्हणजे पाण्याची टंचाई असलेल्या ठिकाणी वाढणाऱ्या वनस्पतींच्या पानांच्या आकारात व अंतर्रचनेत उत्क्रांतीच्या ओघात झालेले बदल होत. अशा वनस्पतींना मरुवनस्पती म्हणतात. वाळवंटांप्रमाणेच खडकाळ पठारे, किनाऱ्यावरील वाळू व दीर्घ उन्हाळ्याचे प्रदेश येथेही त्या आढळतात.

मूळ पेच

प्रकाशसंश्लेषणासाठी लागणारा कार्बन डाय-ऑक्साइड पर्णरंध्रांतून पानात शिरतो आणि त्याच रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. या क्रियेस बाष्पोच्छ्वास म्हणतात. रंध्रे मिटल्यास पाणी वाचते, पण अन्ननिर्मिती मंदावते. ती उघडी राहिल्यास अन्न तयार होते, पण पाणी जाते. पुढील अनुकूलने या पेचातून निघालेल्या निरनिराळ्या वाटा आहेत.

त्वचा व रंध्रे

कण्हेरीचे पान हे याचे परिचित उदाहरण आहे. त्याची अपित्वचा, म्हणजे बाहेरचे पेशीआवरण, एकाऐवजी अनेक थरांची असून तिच्यावर जाड, मेणचट उपत्वचा असते. रंध्रे पानाच्या खालच्या बाजूस, केसाळ खळग्यांच्या आत असतात. खळग्यातील हवा स्थिर व दमट राहते, त्यामुळे वाफ सावकाश बाहेर पडते. अनेक मरुवनस्पतींच्या पानांत दृढ, काष्ठमय पेशी असतात; पाणी कमी झाले तरी त्यांच्यामुळे पान कोलमडत नाही.

युरोपच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या मरम गवताची पाने कोरड्या हवेत नळीसारखी गुंडाळली जातात. रंध्रे आतल्या बाजूस असल्याने ती वाऱ्यापासून सुरक्षित राहतात.

पृष्ठभागातील घट

बाभळीचे संयुक्त पान अगदी लहान पर्णिकांत विभागलेले असते. लहान पर्णिकांची उष्णता हवेत लवकर निघून जाते, त्यामुळे थंड राहण्यासाठी त्यांना पाणी कमी खर्चावे लागते. निवडुंगात पानांचे काटे झालेले असतात आणि अन्ननिर्मितीचे काम हिरवे, चपटे खोड करते. बाभळीचे काटे मात्र पानांचे नसून उपपर्णांचे रूपांतर आहेत. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रोपास आरंभी संयुक्त पाने येतात. नंतर पर्णिका नाहीशा होऊन देठच रुंद, पानासारखा होतो. त्यास पर्णाभवृंत म्हणतात.

मांसल पाने

कोरफडीच्या पानातील पारदर्शक गरात पाणी साठविलेले असते. अशा अनेक वनस्पतींची रंध्रे मुख्यतः रात्री, हवा थंड असताना उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या रिक्तिकांत साठतो. दिवसा रंध्रे मिटलेली असताना तो मुक्त होऊन प्रकाशसंश्लेषणात वापरला जातो. पानफुटीतही हीच पद्धत आढळते.

मर्यादा

ही अनुकूलने विनामूल्य नाहीत. जाड पान घडविण्यास अधिक द्रव्य खर्ची पडते, तर रात्री साठविता येणारे आम्ल रिक्तिकांच्या आकारमानाने मर्यादित असते. म्हणून मरुवनस्पती बहुधा सावकाश वाढतात आणि पाणी मुबलक असलेल्या ठिकाणी जलद वाढणाऱ्या वनस्पतींपुढे मागे पडतात. सागासारखे वृक्ष वेगळा मार्ग पत्करतात: पावसाळ्यात रुंद पानांनी वेगाने अन्न तयार करून कोरड्या ऋतूत ते पानेच गाळून टाकतात.