कुतुबच्या डोक्यावर काय आहे?

दिल्लीचं जुनं चित्र हाती आलं की मी आधी कुतुबमिनाराचं डोकं पाहतो. चित्राच्या काळाचा अंदाज बहुधा तिथेच लागतो.

थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे १७८९ मध्ये चित्रं काढत दिल्लीत फिरले, तेव्हा शहरावर अंमल महादजी शिंद्यांचा होता. मिनारावर त्या काळी घुमट होता. ब्लंट नावाच्या इंग्रज लष्करी माणसाने १७९४ मध्ये त्याची नोंद केली आहे. १ सप्टेंबर १८०३ च्या भूकंपात तो कोसळला. दहाच दिवसांनी पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या हातून दिल्लीही गेली. योगायोगच, पण बखरकाराने सोडला नसता असा.

पुढे डागडुजीचं काम रॉबर्ट स्मिथ या लष्करी इंजिनिअरकडे आलं. १८२८ मध्ये त्याने मिनारावर बंगाली धाटणीची दगडी छत्री चढवली. (छत्री म्हटलं की आपल्याला वानवडीची शिंदे छत्री आठवते, ही तशी नव्हे.) ती विजोड दिसते म्हणून १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंगच्या हुकुमावरून उतरवली गेली. म्हणजे चित्रात छत्री दिसली, तर ते बहुधा या वीस वर्षांतलं.

मी अशा वास्तूवरून काळ ओळखतो, सपाट मुलखातले चित्रकार मात्र तिच्यावर अर्थाचा भार टाकतात. सतराव्या शतकातल्या डच चित्रांत क्षितिज पार खाली असतं, वर नुसतं आकाश, आणि दोन्हींना टाचणारा चर्चचा मनोरा. राउसडालच्या हार्लेमच्या देखाव्यांत सेंट बावो चर्च घरांच्या रांगेवर असं उभं असतं, की त्यात भक्ती किती आणि गावाचा अभिमान किती, हे वेगळं काढता येत नाही.

कुतुब मात्र बराचसा परक्यांनी रंगवला. बांधणाऱ्यांसाठी तो विजयाची आणि दीनाची खूण होता. इंग्रजी चित्रांत भोवती पडझड, झुडपं आणि मधोमध हा एकटा. संपलेल्या राज्याचं स्मारक. त्या एकटेपणात नव्या मालकांची सोय होती, असं मला वाटतं.

आणि डोळ्यांसमोर आहे तेच चित्रकार काढतो, असंही नाही. ॲम्स्टरडॅमच्या मोंटेलबान बुरुजावर १६०६ मध्ये निमुळता कळस चढला होता. रेम्ब्रांटने सुमारे चाळीस वर्षांनी तो बुरूज रेखाटला, तेव्हा कळस सरळ गाळून टाकला.

स्मिथची छत्री आजही मिनाराच्या आवारात, हिरवळीवर ठेवलेली आहे.